पायरीवरचं शून्य

१

सकाळी सातला तो केबिनचं कुलूप काढायचा, स्टूल पुसायचा, खिडकीची फळी उचलून खिळ्याला अडकवायचा आणि नदीपलीकडचा डोंगर जागेवर आहे ना, हे आधी नुसत्या डोळ्यांनी बघून घ्यायचा. मग यंत्र चालू. डोंगर जागेवर नसेल तर यंत्र चालू करून उपयोग काय, असं तो म्हणायचा, आणि स्वतःच्या या विनोदावर रोज थोडासा हसायचा.

यंत्र म्हणजे तिवईवर बसवलेला लेझर स्कॅनर. दर तासाला तो समोरच्या उतारावरून प्रकाशाचा एक न दिसणारा झाडू फिरवायचा आणि डोंगराचे लाखो ठिपके मोजून आणायचा. उतारावर कुणी पाऊल ठेवायची गरज नाही. डोंगराला हात न लावता त्याची नाडी बघायची, असं हे काम. उतारावर आणि त्याच्या पायथ्याशी असलेल्या बारा घरांवर वाटीएवढे एकोणीस आरसे ठोकलेले होते, म्हणजे प्रकाश नेमका परत यायचा. कॉम्प्युटर आजचे ठिपके कालच्या ठिपक्यांवर ठेवून बघायचा. जे हललं नाही ते हिरवं, थोडं हललं ते पिवळं, जास्त हललं ते लाल.

पायथ्याच्या त्या बारा घरांना सगळे खालची आळी म्हणायचे. सातवं घर त्याचंच. त्यामुळे तो दिवसभर दुर्बिणीतून स्वतःच्याच घराकडे बघत बसतो, बायकोवर नजर ठेवतो, अशी आळीत चेष्टा चालायची. त्याला नाव पडलं होतं मिलीमीटर.

"काय मिलीमीटर, आज किती सरकलो आम्ही?" सहाव्या घरातली शिवणवाली मावशी मशीनवरून मान न उचलता विचारायची.

"तुम्ही नाही सरकत, मावशी. तुम्ही वाढताय."

"मेल्या!" मावशी म्हणायची, आणि मशीन पुन्हा धडधडायला लागायचं.

अकराच्या वाचनाला एक गंमत ठरलेली असायची. त्याची मुलगी ठकू साडेदहाला शाळेतून यायची आणि बरोबर अकराला दाराच्या पायरीवर उभी राहून केबिनच्या दिशेने हात करायची. अर्थात नकाशात ती कधीच यायची नाही. स्कॅनर एकेका वाचनात तीन वेळा झाडू फिरवायचा, आणि या तीन वेळांत जे जे हललेलं असेल ते, म्हणजे माणसं, कुत्री, दोरीवरचे कपडे, सगळं गाळून टाकायचा. डोंगराच्या कामात जिवंत वस्तू म्हणजे कचरा. तो मात्र गाळलेले ठिपके पुसण्याआधी एकदा उघडून बघायचा. तिथे पायरीवर चार-पाच हातांचा एक धुरकट पुंजका असायचा. ती त्याची पोरगी.

२

सगळं कशाच्या तरी मानाने हलतं. म्हणून या कामात एक जागा अजिबात हलत नाही असं धरून चालावं लागतं. तिला शून्य म्हणतात. आळीपासून दूर, जुन्या खाणीजवळच्या काळ्या खडकावर एक आरसा होता, ते शून्य. एका गुरुवारी वरून घरंगळलेला एक दगड नेमका त्या आरशावर बसला आणि आरशाच्या ठिकऱ्या झाल्या.

नवा आरसा मुख्य कार्यालयातून यायला दहा दिवस लागणार होते. शून्य दिल्याशिवाय कॉम्प्युटर तर पुढे सरकेना.

"मग दुसरं काहीतरी शून्य धर की," दुर्बीणकाका म्हणाले. दुर्बीणकाका म्हणजे यंत्रांची देखभाल करणारे. आठवडाभरात निवृत्त होतील असं गेली दोन वर्षं चाललं होतं. आठव्या घरात एकटेच राहायचे, खोकत.

"माझ्या पायरीवरचा आरसा धरतो."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "घरावर शून्य ठेवू नये रे. घर म्हणजे काय खडक आहे का?"

"दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. तो आरसा सगळ्यांत स्वच्छ दिसतो. ठकू रोज फडक्याने पुसते."

"ते खरं. पण लक्षात ठेव, ज्याला तू शून्य म्हणतोस त्याची चूक कुठे जात नाही. ती बाकीच्यांच्या अंगावर वाटली जाते."

हे त्यालाही माहीत होतं. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होतं. त्याने यादीतल्या सातव्या घरासमोर शून्य लिहिलं, खाली 'मुभा' असा रकाना होता त्यात नेहमीचे दोन मिलीमीटर भरले. म्हणजे शून्याने इकडेतिकडे केलंच तर एवढ्यापुरतं चालेल. कॉम्प्युटर मुकाट्याने कामाला लागला.

३

त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला एक चीर होती. केसाएवढी. डोंगराखाली राहणारा माणूस अशा चिरेला घाबरत नाही, पण विसरतही नाही. त्याने तिच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहायची सवय लावून घेतली होती, आणि गेल्या वर्षभरात तारखांची ती शिडी मिठाच्या बरणीपासून खिडकीपर्यंत गेली होती.

त्या गुरुवारनंतर चीर थांबली. आठवडा गेला, दोन आठवडे गेले. नवी रेघ मारायला जागाच मिळेना.

"भिंतीला तुझा धाक बसला वाटतं," बायको म्हणाली. "जरा नळालाही धाक दाखव."

त्याला आनंद झाला. उघडपणे आनंद झाला, शीळ घालत तो केबिनवर गेला. तिथे नकाशात सहावं आणि आठवं घर पिवळं झालेलं होतं.

त्याच संध्याकाळी मावशीने त्याला दारातच अडवलं. "जरा आत ये. हे बघ." तिच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग होती. "परवा नव्हती. आणि मशीन आपोआप चालतं बाबा माझं. चालतं म्हणजे शिवत नाही, चालत जातं. सकाळी बघावं तर दाराशी." काकांचंही दार चौकटीत अडकायला लागलं होतं.

तो घरी आला. ठकू पुढचा एक दात बोटाने हलवत बसली होती.

"बाबा, हा आज पडणार."

"काल पण तू हेच म्हणालीस."

"काल पण तो आज पडणार होता."

तो हसला. मग त्याचं लक्ष खिडकीतल्या काचेच्या पेल्याकडे गेलं. शाळेत सांगितलं म्हणून तिने ओल्या कापसात घेवड्याचा दाणा ठेवला होता. दाण्याला मोड आला होता, मोडाच्या डोक्यावर सालाची टोपी तशीच होती. ही टोपी त्याने आधी बघितली होती. कधी, ते आठवायला त्याला थोडा वेळ लागला. त्या गुरुवारी सकाळी, डबा भरताना.

"कापूस सुकला असेल," तो म्हणाला.

"रोज पाणी घालते मी," ठकू म्हणाली.

४

चांगल्या माणसाला शंका आली की तो कारणं शोधतो. त्याने तीन शोधली. गारठा, भिंतीतला ओलावा आणि निकृष्ट घेवडा. तिन्ही कारणं चांगली होती. फक्त एकच खरं असतं तर बाकीच्या दोन्हींची गरज कशाला पडली असती, हे त्याला रात्रभर टोचत राहिलं.

मंगळवारी सकाळी दहाला त्याने शून्य उचललं आणि काकांच्या आठव्या घरावर ठेवलं. नुसता एक आकडा बदलायचा, सातच्या जागी आठ. असं करून बघण्यात काही पाप नव्हतं. दुपारी चारला त्याने ते परत सातवर आणलं आणि घरी निघाला.

काका ओट्यावर बसले होते, प्रसन्न चेहऱ्याने. "अरे, आज गंमतच झाली. माझा नळ तीन वर्षं टपकतोय. आज दिवसभर थेंब नाही! आणि खोकल्याची एक ढास आली नाही. मला वाटलं, बरा झालो की काय. आत्ता पाऊण तासापूर्वी पुन्हा सुरू."

पाऊण तासापूर्वी चार वाजले होते.

तो घरात गेला. स्वयंपाकघरातली चीर खिडकीची चौकट ओलांडून बोटभर पुढे गेली होती. पेल्यातल्या मोडाची टोपी गळून पडली होती आणि दोन हिरवी पानं वर आली होती. ठकू आरशासमोर तोंड वासून उभी होती.

"बाबा, रक्त आलं! नुसता एका दोऱ्यावर आहे आता. दुपारी लोंबत होता, मग मी जेवलेच नाही."

"बघू."

दात लोंबत होता. त्या दिवशी तो पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि त्यानंतर तीन आठवडे तो तसाच त्या एका दोऱ्यावर राहिला. रक्तही सुकलं नाही.

आता त्याला कळलं होतं. म्हणजे कळलं होतं आणि तो ते कळून घेत नव्हता. पण चिरेपुढे नवी रेघ मारावी लागत नाही, हे बघून रोज सकाळी त्याच्या छातीवरचा दगड उतरायचा, आणि अशा सुखाची सवय व्हायला वेळ लागत नाही.

५

दहा दिवसांचे कित्येक आठवडे होऊन एकदाचा नवा आरसा आला. तो खोक्यातच राहिला. खोकं त्याने स्टुलाखाली सरकवलं आणि त्यावर पाय ठेवून बसायला लागला.

नकाशात खालची आळी आता लाल होती. पहिल्यापासून बाराव्यापर्यंत अकरा घरं लाल आणि मधोमध एक हिरवं. मुख्य कार्यालयातून मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे त्याच्या वरिष्ठ. कामात चोख, बोलायला तिखट.

"हे काय दिसतंय? वस्ती लाल का?"

उत्तर साधं होतं. वस्ती खरंच हलतेय, एवढंच सांगायचं होतं. पण मग मॅडम शून्य कुठे आहे ते विचारणार, मग शून्य खडकावर जाणार, आणि मग भिंतीतली ती चीर मागचं सगळं उसनं एका दमात भरून काढणार. ठकूची खाट त्याच भिंतीला लागून होती.

"ते खोटं लाल आहे, मॅडम," तो म्हणाला. आपला आवाज इतका सरळ निघाला याचं त्यालाच नवल वाटलं. "शून्याचा आरसा फुटल्यापासून गणित डळमळीत झालंय. उतारावर हालचाल नाही. मी रोज डोळ्यांनी बघतो."

"घरं रिकामी करायची का?"

"उगाच घबराट होईल."

"तुझं स्वतःचं घर तिथेच आहे ना?"

"हो. म्हणूनच सांगतो."

यापुढे कोण काय विचारणार? मॅडमनी फोन ठेवला. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण माणसं हसत हसत म्हणतात. ती अशी केबिनमध्ये बसून, खोक्यावर पाय ठेवून, थंड डोक्याने पाळता येते, हे त्याला त्या दिवशी समजलं. त्याला स्वतःची किळस आली. ती जेवणापर्यंत टिकली.

संध्याकाळी काका नदीवरच्या झुलत्या पुलापर्यंत त्याला घ्यायला आले होते. "माझ्या ओट्याला तडा गेलाय. मावशी म्हणते, आपण सगळे आठवडाभर शाळेत जाऊन राहू. तू काय म्हणतोस? तुझ्या नकाशात काय आहे?"

"पिवळं आहे, काका. थोडंसं. पावसाळ्यात होतंच."

"तू म्हणतोस ना, मग झालं," काका म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून खोकत खोकत घरी चालायला लागले.

६

तीन दिवसांचा पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं. असलं ऊन डोंगराला वाईट. वाळलेलं वरचं कवच आणि आत मुरलेलं पाणी.

दहाच्या वाचनाला आळी तासाला चार मिलीमीटर सरकत होती. त्याने वाचनं दर पाव तासाला लावली. साडेदहाला नऊ. पावणेअकराला कॉम्प्युटरने एक ओळ दाखवली: शून्यावर ताण, दोन मिलीमीटरची मुभा संपत आली.

भिंतीवर भोंग्याचं लाल बटण होतं. ते दाबलं की पलीकडच्या खांबावरचा भोंगा वाजायचा आणि बारा घरांनी हातातलं टाकून शाळेच्या मैदानाकडे पळायचं, असं ठरलेलं. वर्षातून दोनदा सराव व्हायचा. सहा मिनिटं लागायची. मावशीमुळे सात.

त्याचा हात बटणापर्यंत गेला. आणि मग त्याच्या डोक्यात तो विचार आला. विचार पुढे शेवटपर्यंत तिथून हलला नाही. भोंगा वाजला की बायको ठकूला घेऊन बाहेर पडेल. आळीच्या रस्त्यावर येईल. तो रस्ता लाल होता. सातव्या घराच्या उंबऱ्याच्या आत मात्र काहीच हलणार नव्हतं. घराबाहेर त्या दोघी इतरांसारख्याच, घरात त्या शून्य.

सहा मिनिटं पुरतील की नाही, कोण सांगणार? तो जन्मभर मिलीमीटर मोजत आला होता. 'बहुतेक' हा शब्द त्याला कधी वापरता आला नाही.

त्याने बटणावरून हात काढला आणि मुभेचा रकाना उघडला. दोन खोडून तिथे शून्य लिहिलं, म्हणजे सातव्या घराला आता केसभरही हलायची सोय नाही. कॉम्प्युटरने विचारलं: नक्की? दुर्बिणीतून त्याने पाहिलं. ठकू पायरीवर आली होती, अकरा वाजत होते. एक बोट तोंडात दातावर, दुसरा हात त्याच्याकडे उचललेला. मागे दारातून बायको चुलीपाशी पाठमोरी दिसत होती. शेजारी मावशी भेग बघायला म्हणून दारात उभी.

त्याने 'नक्की' दाबलं.

दरड सुटली ती आवाज न करता. आवाज नंतर, नदी ओलांडून आला, आणि तो केबिनच्या पत्र्यात बराच वेळ घुमत राहिला. धूळ उठली तेव्हा तो ओरडत होता, कुणाचं तरी नाव घेऊन, बहुधा काकांना हाक मारत.

धूळ बसायला दहा मिनिटं लागली. खालची आळी नव्हती. जिथे अकरा घरं होती तिथे लालसर माती, मोडकी झाडं आणि मोठाले दगड होते. मधोमध त्याचं घर उभं होतं. एक कौल निसटलं नव्हतं. माती त्याच्या दोन्ही बाजूंनी गेली होती, अंगणाची कुंपणपट्टीसुद्धा न मोडता.

तो गुडघ्यांवर बसून रडला. आनंदाने रडला, हे लपवण्यात अर्थ नाही. मग डोळे पुसून त्याने दुर्बीण लावली. पलीकडच्या काठावरची झाडं वाऱ्याने हलत होती. दोरीवरचा टॉवेल हलत नव्हता. ठकू पायरीवरच होती, हात उचललेला. तिने मान वळवून बाजूला बघितलंसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात कॉम्प्युटरने नवा नकाशा काढला. यात पहिल्यांदाच पायरीवर काहीतरी होतं. यंत्राने ते गाळलं नव्हतं. तीनदा झाडू फिरवूनही ते जागचं हललं नाही, म्हणून त्याने ते घराचाच भाग धरून घेतलं होतं. पायरीवरचा एक चिमुकला खांब, उंची एक मीटर चौदा, वर बाहेर आलेला एक हात. स्पष्ट, कड न कड दिसणारा, आणि हिरवागार.

७

बचाव पथकाच्या आधी तो पोचला. ठकूचं अंग उबदार लागत होतं. हेच त्याला सहन होईना. गाल मऊ होता, पण दाबला तर दबत नव्हता. डोळे उघडे, केबिनच्या खिडकीकडे लागलेले. त्याने तिला उचलायचा प्रयत्न केला. ती जड नव्हती. पायरी उचलायचा प्रयत्न केल्यावर जसं होईल तसं झालं, एवढंच. आत बायको चुलीपाशी होती. ओघराळ्यातून पडणारा आमटीचा एक थेंब ओघराळं आणि पातेल्याच्या मधे होता.

तो नंतर आला होता म्हणून की काय, त्याला हलता येत होतं. त्याने पायरीवरच्या आरशाचा नट पान्याने पिळून बघितला. पाना वाकला.

त्याने केबिनमधून आणलेली चादर ठकूवरून दारापर्यंत ताणली आणि पथकातल्या लोकांना सांगितलं की दोघी माहेरी गेल्यात. "नशीबवान आहात," ते म्हणाले. ही तर कमालच, असं म्हणून एकाने त्याच्या घराचा फोटो काढला. तीन दिवस ते भोवती खणत होते. मावशीचं मशीन मिळालं, शिवायला घेतलेलं कुणाचंतरी झबलं अजून सुईखाली. काका मिळाले ते त्याच्याच अंगणाच्या कडेला. बहुधा ते त्याच्या घराकडे पळत आले होते. हिरव्या घराचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी म्हणून आले असतील, पोरीला न्यायला.

चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"मी तुझ्या नोंदी बघितल्या. बेचाळीस दिवस शून्य तुझ्या पायरीवर होतं?"

"हो."

"आणि खोकं न फोडता?"

"हो."

"तुझ्याशी नंतर बोलेन. तुझा पासवर्ड बंद केलाय. उद्या सकाळी दहाला नवी टीम शून्य खडकावर नेईल. मग कळेल, तुझं घर खरं किती हललं असायला हवं होतं."

"मॅडम, पाया पडतो. नका नेऊ."

"का? कुणी आहे का तिथे?"

कुणी आहे, असं तो म्हणाला असता तर त्यांनी माणसं पाठवली असती. माणसं आली असती आणि त्यांनी चादर उचलली असती. पुढे काय, ते त्याला सुचेना. "नाही," तो म्हणाला.

८

त्याने हिशेब केला होता. पायरीपासून शाळेच्या बाजूच्या पक्क्या जमिनीपर्यंत एकोणीस पावलं. ठकूच्या वजनाची दगडांची पिशवी उचलून त्याने सहा वेळा पळून बघितलं. अकरा सेकंद. आतून बायकोला घेऊन यायला आणखी आठ. शून्य उठल्यावर घर त्याच्या हिशेबाने पंधरा सेकंद उभं राहणार होतं. दोघी मिळून नाही जमत. एक जमते. यावर त्याने फार विचार केला नाही, कारण विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि आदल्या दिवसापासून तो चुलीकडे बघायचं टाळत होता.

पावणेदहाला नदीपलीकडे केबिनशी दोन नारिंगी जाकिटं दिसली. त्याने चादर काढली. ठकूसमोर पायरीखाली बसला, एक हात तिच्या गुडघ्यांमागे, एक पाठीवर. पायाखाली खालच्या उताराची उघडी कड सुरू होत होती.

दहा वाजले. केबिनची फळी उचलली गेली. ठकूची नजर अजून तिकडेच होती.

मग तिच्या पापण्या मिटल्या.

"बाबा?" ती दचकली. "तू तर तिकडे होतास! तू इकडे कसा?"

तो उचलत होता, अर्धं उचललं होतं. तिच्या अंगाचं वजन हाताला लागलं, खरं, मऊ, पोरीचं वजन, आणि त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात काहीतरी बारीक, गरम त्याच्या मनगटावर पडलं आणि तिथेच चिकटलं.

"पडला!" ठकू किंचाळली. "बाबा, दात पडला! थांब ना, आईला दाखवायचाय! आई!"

आतून ओघराळं पातेल्याला लागल्याचा आवाज आला. "अगं, आले, आले!" बायको म्हणाली, रोजच्या आवाजात, हसत.

आणि तो थांबला. एक सेकंद. पळायला वळलेला तो दाराकडे वळला. भिंतीतली चीर कागद फाडल्यासारखी वर चढत गेल्याचं त्याला ऐकू आलं, मग पायरीवरचा आरसा सुटून दगडांवरून टणटण करत खाली गेला. ठकू दात चिमटीत धरून दारापुढे नाचवत होती. आतून बायकोची पावलं दाराकडे येत होती, पदराला हात पुसत असेल. स्वयंपाकघरापासून उंबऱ्यापर्यंत नऊ पावलं होती. तीन झाली होती.